पूलराख्याचे एक्कावन्न दिवस

पुस्तकातले माणूस मेले की कार्डबाई त्याचे कार्ड पांढऱ्या खोक्यातून काढून करड्या खोक्यात ठेवत. अकरा वर्षांत त्यांनी अशी चारशे बारा माणसे हलवली होती. त्यांत दोन राजे होते, एक दगाबाज सेनापती होता, सतरा स्वयंपाकी होते आणि एक घोडाही होता. घोड्याला कार्ड द्यायचे की नाही यावरून लेखकाशी त्यांचे तीन दिवस वाजले होते. शेवटी लेखकमहाशयांनीच हात टेकले, कारण तो घोडा दुसऱ्या खंडात मेला होता आणि तिसऱ्याच्या हस्तलिखितात त्याने दोनदा खंदक ओलांडला होता.

खोकी बुटांची होती, आणि ती ठेवलेली खोली एका प्रकाशनसंस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर, कागदाच्या गोदामाला लागून होती. खिडकी एकच, तीही छपाईखान्याच्या पत्र्यावर उघडणारी. खाली यंत्र सुरू झाले की टेबलावरचा चहा कपातल्या कपात थरथरायचा. या खोलीत बसून कार्डबाई ‘नऊ गड’ नावाच्या कादंबरीमालेतल्या माणसांची काळजी वाहत. जादू, शाप, बर्फात राहणारे राक्षस, पिढ्यान्‌पिढ्या चाललेले युद्ध असा सगळा मामला. लेखकमहाशय दर दोन वर्षांनी सातशे पानांचे बाड आणून टाकायचे आणि संस्थेचे धाकटे मालक त्याकडे पाहून हात चोळायचे. धाकटे मालक पंचावन्न वर्षांचे होते, डोक्यावर केस नव्हते; पण थोरले मालक ऐंशी उलटूनही रोज कचेरीत येऊन बसत, त्यामुळे हे धाकटेच राहिले होते.

कार्डबाई मुळात मुद्रितशोधक. पहिल्या खंडात बाण लागून मेलेला पहारेकरी दुसऱ्यात सूप वाढताना त्यांना सापडला, तेव्हापासून त्यांच्या नशिबी ही कार्डे आली. प्रत्येक माणसाचे एक कार्ड: वय, जखमा, कोणत्या पानावर कुठे होता, जवळ काय होते. पुढे त्या मेलेजितेच बघून थांबल्या नाहीत. फौज इथून तिथे किती दिवसांत पोचेल हे त्या नकाशावर दोरा लावून मोजायच्या. दोऱ्याचे दुसरे टोक घरी कोणीतरी धरायचे. आधी मुलगा, मग सून. माणूस ओझ्यासकट बर्फात किती चालतो, हे त्यांनी एका गिर्यारोहकाला गाठून विचारले. उपाशीपोटी थंडीत किती दिवस निघतात, हे दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारले, आणि डॉक्टरांनी आधी त्यांचीच नाडी पाहिली.

पीठ किती दिवस पुरते हे मात्र त्यांनी घरीच तपासले होते. मुलगा तेव्हा शिकत होता. लहानपणी गालात खाऊ भरून हिंडायचा म्हणून त्याचे नाव खारू पडले ते पडलेच. कार्डबाईंनी त्याला चार दिवस सैनिकाच्या अर्ध्या शिध्यावर ठेवले. तिसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, “आई, तुझ्या त्या राजाला सांग, गड तू ठेव, मला जेवायला वाढ.” हे वाक्य कार्डबाईंनी लेखकाला सांगितले आणि लेखकाने ते जसेच्या तसे चौथ्या खंडात एका भालेकऱ्याच्या तोंडी घातले. खारू ते पान उघडून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा.

चौथा खंड निघाला त्याच वर्षी खरे युद्ध सुरू झाले. सीमेवर आधी चकमकी, मग पूल उडवले, मग तरुणांना बोलावणी. वाचकांची पत्रे येऊ लागली. काळ्या गडाचा राजा म्हणजे पलीकडचा तो अमुकच ना? खिंडीतली कत्तल म्हणजे गेल्या महिन्यातली तीच ना? लेखकमहाशय सगळ्यांना एकच उत्तर पाठवायचे: नाही, मी युद्ध पाहिलेले नाही, मी घरात बसून लिहितो. कार्डबाईंना हे उत्तर पटायचे नाही. राजाबिजाचे सोडा, पण पायाला आलेले फोड, भिजलेले पीठ, तिसऱ्या दिवशीची भूक, हे खरे नाही तर काय? आपल्या पुस्तकातले युद्ध खऱ्यासारखे आहे, आणि ते आपल्यामुळे आहे, असे त्यांना मनातून वाटे. त्या कोणाला बोलून दाखवत नसत, पण नव्या खंडाच्या प्रस्तावनेत लेखकाने ‘या कथेत देहाला झेपेल त्याहून एक दिवसही कोणी जास्त जगत नाही’ असे लिहिले, तेव्हा ते पान त्यांनी सुनेला दोनदा वाचून दाखवले.

खारू तोवर वायरमन झाला होता, लग्न होऊन वर्ष झाले होते. बोलावणे आले तसा गेला. त्याला डोंगरातल्या एका चौकीवर नेमले. सहा माणसे, एक दगडी खोली, आठवड्यातून एकदा शिधा घेऊन येणारी गाडी. महिन्यातून एकदा खाली तळावर आला की तो फोन करायचा. आधी बायकोशी बोलायचा, मग आईशी.

“आई, तुझ्या सहाव्या खंडाचे आम्ही सहा तुकडे केलेत,” एकदा तो म्हणाला.

“तुकडे?” पुस्तकाचे पान दुमडलेलेही कार्डबाईंना खपत नसे.

“माणसं सहा, पुस्तक एक. करणार काय? शेवटचा तुकडा आमच्या आचाऱ्याच्या वाट्याला आला. आता तो सगळ्यांना धमकावतो, भांडी घासा नाहीतर शेवट सांगून टाकीन म्हणून.” मग हसून म्हणाला, “पोरं विचारतात, तुझी आई आमची पण कार्डं ठेवते का?”

“फाजीलपणा पुरे.”

“बरं, एक सांग. पूलराख्या परत येतो का?”

पूलराख्या म्हणजे सहाव्या खंडातला पुलावरचा एक साधा रखवालदार. ना तो राजघराण्यातला, ना त्याच्याकडे जादू. पूल पडल्यावर खिंडीपलीकडे अडकतो, जवळ भाजलेल्या जवाच्या पिठाची एक पिशवी आणि घोंगडी, आणि खंड तिथेच संपतो.

“वाच आणि बघ,” कार्डबाई म्हणाल्या.

“सातवा खंड यायला दोन वर्षं आहेत, आई.”

“मग दोन वर्षं थांब.”

खरी गोष्ट अशी की त्यांना माहीत नव्हते. सातव्या खंडाची ओळसुद्धा लिहून झालेली नव्हती. पण आपल्याला ठाऊक आहे आणि आपण सांगत नाही, असा आव आणण्यात त्यांना गंमत वाटली, आणि त्या गमतीपायी त्यांनी मुलाला ताकास तूर लागू दिली नाही. तो फोन शेवटचा ठरला. नंतर कित्येक महिने त्यांना भांडी घासताना, बसची वाट पाहताना, कधीही ते आठवायचे आणि स्वतःची जीभ उपटून टाकावीशी वाटायची. हो, येतो, म्हटले असते तर काय बिघडले असते?

त्या हिवाळ्यात चौकीचा रस्ता तुटला. बत्तिसाव्या दिवशी शोधपथक वर पोचले तेव्हा खोली रिकामी होती. सैनिक कल्याण कचेरीतल्या खिडकीमागच्या बाईने यादी पाहिली, दुसरी यादी पाहिली आणि सांगितले, “माहिती उपलब्ध नाही.” कार्डबाई दर सोमवारी जात राहिल्या. ती बाई वाईट नव्हती, पुढे पुढे तर ती त्यांना बसायला स्टूल द्यायची, पण तिच्याकडे सांगण्यासारखे ते एकच वाक्य होते.

बर्फ वितळल्यावर एक ड्रायव्हर घरी आला. चौकीला शिधा पोचवणारी गाडी त्याची. मोठा थोरला गडी, पण खुर्चीच्या कडेवर बसून राहिला. त्याने शेवटच्या खेपेला काय काय उतरवले ते सांगितले: पिठाचे एक पोते, डब्यांची दोन खोकी, रॉकेलचे दोन कॅन. दुसऱ्या दिवशी दरड कोसळली. पाचव्या दिवशी वायरलेसवर निरोप आला की तोफेचा गोळा पडला, रॉकेलचा एक कॅन जळून गेला, दोघे जखमी आहेत. कोण दोघे ते सांगायच्या आत आवाज गेला. त्यानंतर काही नाही. पथकाला उरलेला कॅन कोरडा सापडला.

कार्डबाई ऐकत होत्या. आकडे कानावर पडत होते आणि हातात पेन्सिल नव्हती, असे त्यांच्या आयुष्यात प्रथमच घडत होते. पेन्सिल दोन हातांवर, टेबलावर होती. त्यांनी ती घेतली नाही.

“तुमच्या पुस्तकावरून त्यांची रोज जुंपायची,” ड्रायव्हर म्हणाला. “हे आपलंच युद्ध आहे का, म्हणून. मी गेलो की मलाही ओढायचे त्यात.”

“खारू काय म्हणायचा?” सुनेने विचारले.

“तो म्हणायचा, भूक बरोबर आहे, पाय बरोबर आहेत, बाकी सगळं खोटं. तिथं प्रत्येकाला ठाऊक असतं, आपण कुठल्या गडासाठी उभे आहोत ते. आम्हाला ती टेकडी कशाला हवीय ते आमच्या साहेबालाही माहीत नव्हतं.” ड्रायव्हरने कपाकडे पाहिले. “आणि म्हणायचा, तिथं मेलेला माणूस कुठल्या पानावर मेला ते तरी कुणीतरी लिहून ठेवतं.”

त्याला चहा दिला, तो न पिताच गेला. उन्हाळ्यात दोन्हीकडच्या कैद्यांची अदलाबदल झाली. यादीत सहापैकी एकही नव्हता. मग कचेरीतून फॉर्म आला: सदर व्यक्ती मृत असल्याचे गृहीत धरण्यास आमची संमती आहे, खाली आईची सही, बायकोची सही. सुनेने तो वाचला, घडी घातली आणि कपाटाच्या खणात ठेवला. ती सत्तावीस वर्षांची होती. औषधांच्या दुकानात दिवसभर गोळ्या मोजायची, संध्याकाळी येऊन सासूच्या दोऱ्याचे टोक धरायची. तिच्या माहेरून फोन यायचे, ती दुसऱ्या खोलीत जाऊन बोलायची. फॉर्मचा विषय तिने एकदाच काढला होता.

“आई, तुम्ही पुस्तकातल्या माणसांचं मोजता. याचं मोजून बघितलंत का?”

“त्याचं काय मोजायचं?” कार्डबाई एवढ्या जोरात म्हणाल्या की सुनेच्या हातातला दोरा सुटला. “तो काय कार्ड आहे?”

सुनेने दोरा उचलून पुन्हा टोक धरले. कार्डबाईंना कळत होते की आपण एका तरण्याताठ्या मुलीला ना धड बायको राहू देतो आहोत ना धड विधवा. पण सही करायची म्हणजे मोजायचे, आणि मोजल्यावर येईल तो आकडा आपल्याला खोडता येणार नाही, हेही त्यांना कळत होते. न मोजलेला मुलगा अजून कुठेतरी असू शकत होता. एखाद्या खेड्यात, डोक्याला मार लागून, नाव विसरून. असे होते म्हणतात. लेखकाने कोणाला असे नाव विसरायला लावले असते तर त्यांनी समासात लाल पेन्सिलने ‘उगाच’ असे लिहिले असते.

शरद ऋतूत सातव्या खंडाचे बाड आले. लेखकमहाशयांनी ते नेहमीसारखे धाकट्या मालकांच्या टेबलावर न टाकता स्वतः वर आणून दिले आणि न बसता गेले. कार्डबाईंनी वाचायला सुरुवात केली. दोनशे अकराव्या पानावर पूलराख्या परत आला. बायको विहिरीवर उभी, धुक्यातून एक माणूस चालत येतो, दाढी छातीपर्यंत, खांद्यावर तीच घोंगडी. ती ओळखत नाही. मग ओळखते.

कार्डबाईंनी ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचले. मग सवयीने त्यांचे बोट तारखांवरून फिरले. खिंड बंद झाली तो दिवस, विहिरीचा दिवस. एक्कावन्न. एक पिशवी पीठ पोटभर खाल्ले तर नऊ दिवस, अर्धपोटी अठरा, त्यानंतर त्या थंडीत काही न खाता फार तर दहा. अठ्ठाविसाव्या दिवशी पूलराख्या मेलेला असायला हवा होता. तेवीस दिवस तो निव्वळ लेखकाच्या दयेवर चालला होता.

लेखकाला हे कळत नव्हते असे कसे म्हणावे? अकरा वर्षे बाईंच्या हाताखाली निघालेला माणूस तो. त्याने हे पान कशासाठी लिहिले ते कार्डबाईंना लख्ख समजले. त्यांनी लाल पेन्सिल उचलली, खाली ठेवली आणि दोनशे बारावे पान काढले. पूलराख्याचे कार्ड पांढऱ्या खोक्यात राहिले. नोकरीत त्यांनी जाणूनबुजून केलेला हा एकच कानाडोळा. लेखक एका शब्दाने बोलला नाही, त्याही बोलल्या नाहीत, आणि अशी दोघांच्या मायेपोटी ती चूक छापून बाजारात गेली.

वाचकांना कसली माया? पहिले पत्र तिसऱ्या आठवड्यात आले, मग रोजच्या टपालात चार-पाच. एका शिक्षकाने तक्ता काढून पाठवला. एका मुलीने पिशवीच्या चित्रावरून आतल्या पिठाचे वजन काढले होते. सगळे कार्डबाईंच्याच पद्धतीने मोजत होते. सहा खंड त्यांनी वाचकांना दुसरे शिकवले काय होते? एका पत्रावर शिक्का सैनिकी रुग्णालयाचा होता. त्यात तक्ता नव्हता. लिहिले होते, ‘आम्ही इथे हे पुस्तक एवढ्याचसाठी वाचतो की तुम्ही कोणाला खोटे जगवत नाही. आता तुम्हीही सुरुवात केलीत?’

ते पत्र कार्डबाईंनी दोन दिवस पर्समध्ये ठेवले, मग इतरांबरोबर धाकट्या मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवले. दुसरी आवृत्ती छापायला जायची होती. लेखकमहाशयांना बोलावणे गेले.

“बाई, तुमच्या नजरेतून सुटलं?” धाकटे मालक म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, अचंब्याचा होता.

“सुटलं,” कार्डबाई म्हणाल्या.

लेखकमहाशय खिडकीकडे पाहत होते. “चूक माझी आहे,” ते म्हणाले. “ताईंची नाही.”

“कोणाची का असेना, करायचं काय? मारायचा का त्याला?” धाकट्या मालकांनी बाईंकडे पाहिले, काहीतरी आठवून कान लाल झाले, आणि ते कागद चाळू लागले.

कार्डबाईंनी दोन्ही हात टेबलाखाली घट्ट धरले. एका खोट्या माणसासाठी एवढे? आहे तर आहे. तेवढ्यात लेखकमहाशयांनी समोरचा कागद ओढला आणि उभ्या उभ्या लिहिले. “हे बघा. सहाव्या दिवशी त्याला मेंढपाळांची झोपडी सापडते. उन्हाळ्यात येणाऱ्यांनी मागे ठेवलेलं अर्धं पोतं पीठ, रचलेली लाकडं, चूल. महिनाभर तो तिथेच बसतो. मग थंडी ओसरल्यावर निघतो. ताई, बसतं का बघा.”

दोन ओळी होत्या. कार्डबाईंनी पेन्सिल घेतली. अर्धे पोते पीठ एका माणसाला, चूल, छप्पर, पंधरा दिवसांची वाट. मोजले आणि पुन्हा मोजले. बसत होते. एक्कावन्न काय, साठ दिवसही निघाले असते.

“बसतं,” त्या म्हणाल्या.

“झालं तर मग,” धाकटे मालक म्हणाले आणि चहा मागवला. लेखकमहाशय बाईंकडे बघून ओशाळे हसले. त्यांना वाटले, आपण बाईंचा पूलराख्या वाचवला. बिचाऱ्याचा हेतू चांगलाच होता.

कार्डबाई खोलीत येऊन बसल्या. खाली यंत्र सुरू झाले होते. त्यांना वाटले होते की आपल्याला बरे वाटेल, आणि बरे वाटत नव्हते. उलट इतका संताप येत होता की समोरची दोन्ही खोकी खिडकीतून पत्र्यावर भिरकावून द्यावीत. दोन ओळी. अर्धे पोते पीठ आणि चूल. एवढ्याने माणूस घरी येतो. वर्षानुवर्षे त्या भूक मोजत बसल्या, पायाचे फोड मोजत बसल्या आणि खऱ्यासारखे, खऱ्यासारखे म्हणून मिरवत राहिल्या. पण खऱ्यात अडचण पडली की कागद ओढून झोपडी लिहिणारा कोणी नसतो, ही साधी गोष्ट त्यांच्या एकाही कार्डावर नव्हती. खारूला ती कळली होती. त्याच्या डोंगरावर झोपडी नव्हती. शोधपथकाने दिलेला नकाशा घरी होता, आणि त्यावर त्यांनी आजवर दोरा लावला नव्हता.

रविवारी जेवणे झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातले टेबल पुसले, नकाशा पसरला आणि कागद घेतला. सून ओट्यापाशी पातेले पुसत होती.

“ड्रायव्हरने डबे किती म्हणून सांगितले होते?” कार्डबाईंनी विचारले.

सुनेचा हात थांबला. “दोन खोकी. एकात चोवीस.”

“पोतं?”

“पंचवीस किलोचं.”

कार्डबाई लिहीत गेल्या. माणसे सहा. शिधा पोटभर आठ दिवस, अर्धपोटी सोळा. रॉकेल एक कॅन; त्यावरच बर्फ वितळवून पाणी, त्यावरच ऊब. पाचव्या दिवसापासून धरले, फारच काटकसर केली तर दहा दिवस. म्हणजे पंधराव्या दिवशी कॅन कोरडा. कॅन कोरडा सापडला होता. त्यापुढे चौकीत थांबणे म्हणजे गोठणे, म्हणून पंधराव्या दिवशी निघालेच असणार. सुनेने येऊन दोऱ्याचे टोक चौकीवर धरले. कार्डबाईंनी दोरा डोंगराच्या धारेवरून वळवत जवळच्या गावापर्यंत नेला. धडधाकट माणसाला चार दिवस. दोन जखमी पाठीवर घेतले तर आठ, कदाचित नऊ. आग नाही. त्या उंचीवर आगीशिवाय तीन रात्री, असे गिर्यारोहकाने सांगितले होते, आणि त्या आकड्याने त्यांनी पुस्तकातली कितीतरी माणसे मारली होती.

पंधरा आणि तीन. त्यांनी बेरीज लिहिली नाही.

“जखमींना ठेवून निघाला असता तर पोचला असता,” त्या म्हणाल्या. “चार दिवस, तीन रात्री. बरोबर पोचला असता.”

“हो,” सून म्हणाली.

“आणि पोचला असता तर…”

“तर कधीच घरी आला असता. तो ठेवून निघाला नाही, आई. नाहीतर त्या दोघांतला एक तोच होता. कसंही धरलं तरी अठराच येतात.”

कार्डबाईंनी वर पाहिले. अठरा हा आकडा कागदावर कुठेच नव्हता.

“तू कधी मोजलंस?”

“ड्रायव्हर येऊन गेला त्याच आठवड्यात. दुकानात, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा.”

“त्याला दीड वर्ष होत आलं.” कार्डबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “दीड वर्ष तुला माहीत आहे. मग बोलली का नाहीस? आणि मग रोज त्या दाराकडे बघत का बसायचीस माझ्याबरोबर?”

सून दोऱ्याची गुंडाळी करत होती. “तुम्ही एकट्याच वाट बघत बसला असतात,” ती म्हणाली. “म्हणून मी पण बघत होते.”

कार्डबाईंनी तिचा हात धरला, आणि दोघी तशाच बसल्या. रडायला आले तेव्हा कोणी कोणाला थांबवले नाही. मग सून उठली, कपाटाच्या खणातून फॉर्म घेऊन आली आणि टेबलावर ठेवला. आईच्या सहीची जागा वर होती. कार्डबाईंनी सही केली आणि पेन सुनेकडे दिले.